विंचूदंशावरील उपचार : शिवारातील चाचणी आणि दवाखान्यातील चाचणी



या अंकात खोडवा व्यवस्थापनावर लिहावयाचे ठरले होते. तो विषय पुढच्या अंकी घेऊ. गेल्या हंगामात आमच्या गटातील एका गाडीतळावर जे घडले, ते आधी सांगणे जरूर वाटते.

रात्री नऊच्या सुमारास एका तोडणी मजुराच्या सहा-सात वर्षांच्या पोराला सरपण काढताना विंचू चावला. पोर आधी खूप रडले, मग गप्प झाले. अंग घामाने निथळलेले, दोन उलट्या झाल्या, हातपाय गार पडले. मुकादम म्हणाला, "गप झालं, म्हंजे उतरला." गावातल्या जाणत्याला बोलावले, त्याने मंत्र टाकला. यात दोन तास गेले. अखेर चिटबॉयने आम्हाला फोन केला आणि जीपमधून पोराला तालुक्याच्या गावी नेले. पोर वाचले, पण दोन दिवस डॉक्टरांनी कोणाला धड झोपू दिले नाही. त्या दोन दिवसांत दवाखान्याच्या बाकावर बसून जे ऐकले व नंतर वाचून समजून घेतले, ते येथे देत आहोत.

प्रथम विषाचे काम समजून घ्या. आपल्या मुरमाड रानात, दगडी ताली-बांधात, कोपीच्या सरपणात सापडणारा लाल विंचू हा काळ्या मोठ्या विंचवापेक्षा आकाराने लहान, पण विषाने फार जहाल. त्याचे विष शरीरातील नसांची दारे उघडीच ठेवते. मोटार बंद करायचा स्टार्टरच अडकावा, तसे होते. नसा सारख्या चेतवल्या जातात, अंगात ॲड्रिनॅलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो आणि हृदयावर भलताच भार पडतो. दरदरून घाम, उलटी, तोंडाला लाळ, गार हातपाय ही त्याची पहिली खूण. पुढे हृदय थकते, फुप्फुसात पाणी भरते, रोग्याला धाप लागते व तोंडावाटे गुलाबी फेस येतो. आणि ध्यानात ठेवण्यासारखी गोष्ट ही की, चावल्या जागी नुसती आग होऊन माणूस बोंबलत असेल तर बहुधा धोका कमी असतो. आग कमी, पण घाम आणि उलटी चालू, तर धोका जास्त. मुकादमाचा हिशेब नेमका उलटा होता.

हे ज्यांनी पद्धतशीर मांडले ते डॉक्टर आपल्या शेजारचेच. महाबळेश्वरचा आंबेनळी घाट उतरला की पोलादपूर, आणि पुढे महाड. जालना जिल्ह्यातील देहेड गावच्या शेतकरी घरातले डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. त्या काळी विंचू चावून गंभीर झालेल्या रोग्यांपैकी शंभरातले तीसपर्यंत दगावत. उपचार म्हणून स्टिरॉइड, ॲट्रोपीन, गुंगीच्या औषधांची मिसळ असे जो तो आपापल्या समजुतीने देई. आंध्रातील काही डॉक्टर इन्शुलिनचा पुरस्कार करीत. म्हणजे मंत्र फक्त गावातच चालत होते असे नाही. बावस्करांनी रोग्याच्या उशाशी बसून, नाडी-रक्तदाबाच्या नोंदी ठेवून, कोणत्या खुणेनंतर काय होते ते लिहून काढले. १९८२ साली ते लॅन्सेट या विलायतेतील वैद्यकीय साप्ताहिकात छापून आले. मग रक्तदाबासाठी बाजारात आलेली प्राझोसिन नावाची साधी गोळी त्यांनी वापरून पाहिली. विषाने आवळलेल्या रक्तवाहिन्या ही गोळी सैल करते. त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्यासह त्यांनी हा अनुभव १९८६ साली त्याच साप्ताहिकात मांडला. गोळी वेळेवर मिळू लागल्यावर मृत्यूचे प्रमाण शंभरात एकाच्याही खाली आले. गोळी स्वस्त, आणि खेड्यातल्या डॉक्टरालाही देता येण्याजोगी. मात्र ती घेतल्यावर रोग्याला एकदम उठवून बसवायचे नसते, रक्तदाब घसरून भोवळ येते. म्हणून हे औषध घरी ठेवून कोणी आपल्या हाताने देऊ नये. २०२२ साली डॉक्टरांना पद्मश्री मिळाली.

येथे विषय संपला असता. पण डॉक्टर मंडळींत खरा वाद यापुढेच आहे, आणि तो आपल्या धंद्यातल्या माणसाला चांगला समजेल.

पाडेगावचे मध्यवर्ती ऊस संशोधन केंद्र १९३२ पासून आपल्याच सातारा जिल्ह्यात आहे. तेथून १९९६ साली को ८६०३२ प्रसारित झाली. अशी जात प्रसारित करण्यापूर्वी ती जुन्या जातीशेजारी लावतात, पण कोणता तुकडा कोणत्या जातीला हे चिठ्ठी टाकून ठरवतात. का? कारण आपल्याला जी जात आवडते तिला आपण विहिरीजवळची काळी जमीन देतो, आणि मग म्हणतो, बघा कसा उतारा पडला! आम्हीही एकदा असे केलेले आहे, सांगायला लाज नाही. शेतीतली ही चिठ्ठीची पद्धत इंग्लंडमध्ये फिशर नावाच्या शास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात मांडली. ती पुढे दवाखान्यात गेली. १९४८ साली क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी अशीच झाली. औषध मिळालेल्या ५५ पैकी ४ रोगी सहा महिन्यांत वारले, न मिळालेल्या ५२ पैकी १४. म्हणजे डॉक्टर हे शेतकऱ्याकडूनच शिकले, असे म्हटले तर फारसे चूक नाही.

आता विंचवाची लस. घोड्याला थोडे थोडे विष टोचून त्याच्या रक्तापासून ती करतात, आणि आपल्या लाल विंचवावरची लस मुंबईच्या हाफकिनमध्ये तयार होऊ लागली. प्रश्न असा, की गोळीने भागत असताना लस पाहिजेच का? १९९९ साली ट्युनिशिया देशातील ८२५ रोग्यांच्या चाचणीत लसीचा काही फायदा दिसला नाही. उलट २००९ साली अमेरिकेतील ॲरिझोनात गंभीर झालेल्या १५ मुलांवर चाचणी झाली. लस मिळालेली आठही मुले चार तासांत सावरली, न मिळालेल्या सातांपैकी एकच. आठशे पंचवीस मोठे की पंधरा? वरवर पाहता आठशे पंचवीस. पण ट्युनिशियात साधा दंश झालेले लोकही धरले होते. ते औषधाशिवायही बरे होणारच. कसदार जमिनीत खत टाकून पाहिले तर खताचा गुण कसा दिसावा? शिवाय तिथला विंचू निराळा, लस निराळी.

बावस्कर दांपत्याने महाडात चिठ्ठी पद्धतीने ७० रोगी घेतले. ३५ जणांना फक्त गोळी, ३५ जणांना गोळी आणि लस. २०११ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हा निकाल आला. गोळी व लस मिळालेले सरासरी ८ तासांत बरे झाले, नुसत्या गोळीवरचे १७.७ तासांत. दहा तासांनी पहिल्या गटातले ३२ जण पूर्ण बरे होते, दुसऱ्यातले ८. यावरही आक्षेप घेता येतो. कोणाला काय दिले हे डॉक्टरांना व रोग्यांना ठाऊक होते. आपल्या आवडत्या जातीकडे नकळत जास्त लक्ष जाते, तसे इथेही होऊ शकते. तरी तासांचा फरक एवढा मोठा आहे, की आमच्या मते तो नुसत्या नजरेचा नसावा. लस घोड्याच्या रक्ताची असल्याने कोणाला तिचे वावडे येऊ शकते, म्हणून ती दवाखान्यातच द्यावयाची. आणि लस नाही म्हणून रोग्याला गोळीविना लांब पाठवणे हे मात्र साफ चूक. गोळी आधी, मग गाडी.

सबब सभासदांना विनंती की, आपल्या शेतात तोड चालू असता कोणाला विंचू चावला तर घट्ट दोरी बांधू नये, चिरा देऊ नये, जाणत्याची वाट पाहू नये. घाम, उलटी, गार हातपाय दिसताच १०८ ला फोन करावा, अगर मिळेल त्या वाहनाने निघावे. किती वाजता चावला ते डॉक्टरांना सांगावे, त्यावर उपचार ठरतो. लहान मुलाच्या बाबतीत तर घामाचीही वाट पाहू नका. कोपीतल्या माणसांना सरपण काठीने उलटून मग उचलायला आणि चप्पल झटकून घालायला सांगा.

हंगाम सुरू होण्यापूर्वी आमच्या गटातील प्रत्येक आरोग्य केंद्रात व ग्रामीण रुग्णालयात प्राझोसिनच्या गोळ्या आहेत का, लस आहे का, रात्री डॉक्टर असतात का, हे चिटबॉय समक्ष जाऊन विचारून येणार आहेत. ती यादी फोन नंबरांसह गट कार्यालयाच्या फळ्यावर लागेल व एकेक प्रत प्रत्येक मुकादमाकडे राहील. आपल्या गावच्या दवाखान्याविषयी कोणास माहिती असल्यास ती दसऱ्यापूर्वी कळवावी.