तुटलेला तारा

शास्त्रपाठ : यिर्मया १०:१-५, २ पेत्र १:१९

थंडीचे दिवस होते. लामत्याला पहाटेच्या प्रार्थनेसाठी आम्ही काहीजण अंधारात निघालो होतो. एवढ्यात आकाशातून मोठा उजेड सरकत गेला. शुक्राच्या चांदणीहून तो कितीतरी तेजस्वी होता. क्षणभर आमच्या सावल्या वाटेवर पडल्या, आणि सारे संपले. "तारा तुटला, कोणाचा तरी जीव गेला," असे आमच्यातलाच एकजण बोलून गेला. बरोबर एक बहीण होती. तिचे मूल तापाने घरी पडून होते. ती तेथूनच रडत मागे फिरली.

खरे पाहता तारा तुटत नसतो. अवकाशातला लहानसा दगड सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर वेगाने हवेत शिरतो आणि तापून पेटतो. पृथ्वी सूर्याभोवती ज्या दिशेने पुढे जाते, तिकडे पहाटे आपले तोंड असते. म्हणून त्या वेळी उल्का अधिक दिसतात. कोणाच्या मरणाशी त्यांचा संबंध नाही.

पाहणाऱ्याची चूक कशी होते याचे उदाहरण जवळचेच आहे. २ एप्रिल २०२२ रोजी संध्याकाळी विदर्भात व मध्य प्रदेशात अनेकांनी आकाशातून जळत जाणारे गोळे पाहिले. पुष्कळांना ती उल्काच वाटली. पण चंद्रपूर जिल्ह्यातील लाडबोरी येथे धातूचे मोठे कडे पडलेले सापडले. ते चिनी रॉकेटचे अवशेष असावेत, असे जाणकारांनी सांगितले. डोळ्यांनी पाहिले ते खरे होते. लावलेला अर्थ मात्र चुकला.

आकाशातील चिन्हांनी इतर राष्ट्रे घाबरतात, तसे तुम्ही घाबरू नका, असे यिर्मया देवाच्या लोकांना बजावतो. प्रभूच्या येण्याचा दिवसही पित्यावाचून कोणाला ठाऊक नाही (मत्तय २४:३६). तेव्हा उल्का पाहून तो ठरवणे आपले काम नव्हे.

त्या सकाळी आम्ही मंदिरात न जाता त्या बहिणीच्या घरी गेलो, बोललेल्या शब्दाची क्षमा मागितली आणि मुलाच्या उशाशी प्रार्थना केली. उल्केचा उजेड दोन क्षणांचा. पेत्र ज्या दिव्याविषयी सांगतो, तो देवाच्या वचनाचा दिवा उजाडेपर्यंत जळत राहतो. बंधुभगिनींनो, भ्यालेल्या माणसाच्या घरी आपण तोच घेऊन जावे.

वर्गासाठी प्रश्न :
१. यिर्मयाच्या काळी लोक आकाशातील चिन्हांना का भीत असत?
२. आपल्या गावात अशा कोणत्या समजुती आहेत?
३. आपल्या बोलण्याने कोणी घाबरले असेल, तर आपण काय करावे?