सप्टेंबरातला खेळ कसा बघावा

अगं, परवा रात्री स्कोशिया बँक अरिनातून परतताना ट्रेनमध्ये तू अगदी गप्प होतीस. पोर्ट क्रेडिट येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिलीस आणि उतरताना म्हणालीस, "ताई, यांचे तर पासच जुळत नाहीत गं. यंदा काही खरं नाही." तेव्हा प्लॅटफॉर्मवर वारा बोचत होता, म्हणून मी विषय वाढवला नाही. पण तुझ्या आवाजात नुसत्या आइस हॉकीचं दुःख नव्हतं, हे मला कळलं. म्हणून आज चहा घेऊन निवांत बसलेय. ऐक.

तुला मी मुद्दामच सराव सामन्याला नेलं होतं. तिकिटं जरा स्वस्त मिळतात हे खरं, पण मला आपला हॉकी संघ, टोरंटो मेपल लीफ्स, सगळ्यात जास्त आवडतो तो याच दिवसांत. ही म्हणजे नाटकाची तालीम. कुणी संवाद चुकतो, कुणाची एंट्री हुकते, दिग्दर्शक अंधारात बसून वहीत काहीतरी लिहीत असतो. तालमीवरून नाटकाचं भविष्य सांगायचं नसतं. पण कोण जीव ओतून उभं राहतंय, ते मात्र तालमीतच दिसतं.

आकडे सांगते, म्हणजे त्या बर्फावर काय चाललंय ते कळेल. शिबिराला साठेक खेळाडू येतात. हंगाम सुरू होताना संघात जागा असतात २३, आणि एका सामन्यात खेळतात २०, त्यातले दोन गोली, म्हणजे गोलरक्षक. म्हणजे निम्म्याहून जास्त मुलांना हंगाम सुरू व्हायच्या आत परत जायचं असतं. परवाचे पास जुळत नव्हते, कारण शेजारच्या खेळाडूशी त्या मुलाची ओळखच आठवड्याभराची होती. पाठीवर ८०-९०च्या घरातले नंबर असलेली पोरं बघितलीस ना? मोठा नंबर म्हणजे बहुधा अजून नक्की न झालेली जागा. आणि ही संधीही आता आक्रसतेय. २०२५पर्यंत संघाला सहा-सात सराव सामने मिळत, २०२६-२७च्या हंगामापासून मुख्य सामने ८२ऐवजी ८४ आणि सराव सामने फार तर चार. चार संध्याकाळींत स्वतःला दाखवायचं म्हणजे काय, विचार कर.

मग अशा सामन्यात बघायचं काय? पकच्या मागे डोळे पळवू नकोस. गोठवलेली ती रबराची चकती तशीही डोळ्यांच्या हाती लागत नाही. एक खेळाडू निवड आणि पक त्याच्याकडे नसताना तो काय करतो ते बघ. हल्ला फसला की तो मान खाली घालून हळूहळू परततो, की त्याच क्षणी वळून आपल्या गोलकडे झेपावतो? याला बॅकचेक म्हणतात. समोरून शॉट येताना तो अंग चोरतो की आडवा होतो? पाऊण मिनिटाची पाळी संपली की लगेच बाकावर येऊन ताज्या दमाच्या गड्याला जागा देतो, की मोठेपणासाठी रेंगाळतो? स्कोअरबोर्डावर यातलं काही लिहिलं जात नाही. प्रशिक्षकाच्या वहीत मात्र सगळं जातं.

परवा दुसऱ्या पिरियडमध्ये मी तुझा हात दाबला होता, आठवतं? निळ्या स्वेटरमधला (इथले जुने लोक जर्सीला स्वेटरच म्हणतात) तो शिडशिडीत मुलगा. त्याच्याच चुकीने पक गेला. तू "अरेरे" म्हणालीस. पण तो एक क्षणही थांबला नाही, वळला, पूर्ण लांबी कापून मागे आला आणि समोरच्याची काठी उचलून त्याने तो शॉट होऊच दिला नाही. टाळ्या फारशा पडल्या नाहीत. माझ्या मात्र डोळ्यांत पाणी आलं.

२०२५चं हे वर्ष लीफ्ससाठी हळवं आहे. मिच मार्नर संघ सोडून गेला. नऊ हंगाम इथे खेळला, शेवटच्या हंगामात १०२ गुण मिळवले आणि या उन्हाळ्यात व्हेगासला गेला. मे महिन्यात प्लेऑफमध्ये फ्लोरिडाविरुद्ध दोन सामने जिंकून पुढे असताना मालिका हातची गेली. सातव्या सामन्यात, इथेच, घरच्या बर्फावर, ६-१. तो घाव लोकांच्या मनात अजून ओला आहे आणि सगळा राग गेलेल्यावर निघतो. तू नवी आहेस, त्या रागात सामील होऊ नकोस. गेलेल्याची रिकामी जागा दिसणारच. कर्णधार मॅथ्यूजच्या उजव्या हाताला आता कोण, एक गडी कमी असताना बचावाला कोण उतरणार, हे प्रश्न खरे आहेत. निकोलस रॉय, मातियास माचेली, डकोटा जोशुआ ही नवी माणसं आली आहेत. यातल्या कुणालाही 'दुसरा मार्नर' म्हणून मोजलंस तर सगळेच उणे दिसतील. त्यांना त्यांच्या नावाने बघ. जॉन टवारेसकडेही बघ, हा आपल्या मिसिसागात जन्मलेला. २०२४मध्ये त्याने कर्णधारपद मॅथ्यूजकडे सोपवलं, आणि यंदा नवा करार कमी पैशांत केला, इथेच राहता यावं म्हणून. संघ असाही उभा राहतो.

आणि सप्टेंबरात निकाल लावू नये, याचा सगळ्यात मोठा दाखला तर परवा बाकामागेच उभा होता, लीफ्सचा प्रशिक्षक क्रेग बेरूबी. तो सेंट लुईसचा प्रशिक्षक असताना, २०१९च्या जानेवारीच्या सुरुवातीला त्याचा संघ अख्ख्या लीगमध्ये तळाला होता. त्याच वर्षी जूनमध्ये त्याच संघाने स्टॅनली कप उचलला. जानेवारीतला तळाचा नंबर जर शेवटचा शब्द नसतो, तर तालमीतल्या एका संध्याकाळचं काय घेऊन बसलीस? लीफ्सने शेवटचा कप जिंकला तो १९६७मध्ये, आपल्या आईचंही तेव्हा लग्न व्हायचं होतं. तरी दर सप्टेंबरला हे शहर निळं होतं. ही आशा भाबडी आहे असं मला वाटत नाही. न दमता वाट बघणं हीसुद्धा एक कमाईच आहे.

आता तुला एक गोष्ट सांगते, आईलाही कधी सांगितली नाही. मी इथे आले त्या वर्षी पहिली नोकरी प्रोबेशनच्या शेवटी गेली. तीन महिने संपले, एका छोट्या खोलीत बोलावलं आणि दहा मिनिटांत टेबल रिकामं करायला सांगितलं. घरी फोन करून 'सगळं छान चाललंय' म्हणाले. मग मिळाली ती नोकरी पहिलीपेक्षा लहान होती, पगारही कमी. तिथेच मी काम शिकले. पुढे लीफ्सच्या खालचा संघ, मार्लिस, बघायला लागले तेव्हा ते दिवस मला नीट समजले. लीफ्सच्या यादीतून कमी झालेली बरीच मुलं मार्लिसकडून खेळतात, याच शहरात, कोका-कोला कॉलिझियममध्ये. काहींना खाली पाठवण्याआधी वेव्हर्सवर ठेवावं लागतं, म्हणजे चोवीस तास बाकीचा कुठलाही संघ त्यांना उचलून नेऊ शकतो. ते चोवीस तास त्या मुलाच्या घरी कसे जात असतील! आणि कुणीच उचललं नाही तर दुसऱ्या दिवशी बॅग घेऊन खालच्या संघाच्या सरावाला हजर व्हायचं. खाली जाणं म्हणजे संपणं नव्हे, हे मला कुणा पुस्तकाने नाही, या मुलांनी शिकवलं.

तुझाही प्रोबेशनचा दुसराच महिना आहे. मागच्या आठवड्यात तुझा रिपोर्ट परत आला, सगळ्यांसमोर चुका काढल्या गेल्या आणि तू बाथरूममधून मला फोन केलास. राणी, चूक झाली ती झाली. त्या मुलाकडूनही पक गेलाच होता. तू त्यानंतर काय केलंस? रात्री बसून सगळे आकडे पुन्हा तपासलेस, सकाळी दुरुस्त करून पाठवलंस. मला हे कळलं तेव्हा मनात म्हटलं, वळली गं माझी बहीण. ते तिथे कुणी बघतंय की नाही, सांगता येत नाही. मी बघतेय. नोकरी टिकली तर पेढे आणू. नाही टिकली तर माझ्या घरातली मागची खोली तुझीच आहे, आणि आपण दोघी मिळून पुढचं बघू. पण 'सगळं छान चाललंय' असा फोन आईला करू नकोस. माझ्यासारखं एकटीने गिळू नकोस.

तर आता ठरलं. जानेवारीतल्या एखाद्या रविवारी मार्लिसच्या सामन्याला जायचं. आत गारठा असतो, जाड मोजे घालून ये आणि डब्यात थालीपीठ मी आणते. तो शिडशिडीत मुलगा तिथे असेल तर शोधू. तोवर त्याचा नंबर कदाचित बदललेला असेल. हरकत नाही. पक गेला की कोण कसं वळतं तेवढं बघत राहू, ओळखू आपण त्याला.