गाडी सुटण्याआधी काय सांगते

अगं सोने, फोटो पाहिले. देखणी आहे गाडी, वादच नाही. २००१ ची होंडा एस-२०००, जमिनीला टेकलेली, कॉइलओव्हर, मागे जाडजूड अँटी-रोल बार आणि पुढेही मागच्याइतकेच रुंद टायर. वर तू म्हणतेस, "आधीच्या मालकाने सगळं करून ठेवलंय ताई, मला फक्त चालवायचीय." मला धास्ती वाटते ती नेमकी याचीच. त्याने काय केलं, का केलं आणि कोणत्या रस्त्यासाठी केलं, हे आपल्याला कुठे माहीत आहे?

होंडाने या गाडीला पुढे २०५ आणि मागे २२५ रुंदीचे टायर दिले होते, ते उगाच नाही. मागच्या चाकांना पकड जास्त हवी, म्हणजे वळणावर अति झालं तर आधी पुढचं टोक बाहेर सरकतं आणि पाय आपोआप सैल होतो. तुझ्या गाडीत पुढची पकड वाढवलीय आणि मागचा बार कडक केलाय. दोन्ही बदल एकाच दिशेने ओढतात: मागची बाजू आधी सुटणार. मुळात जुन्या एस-२००० ची तीच ख्याती. चाकं वरखाली झाली की मागच्या चाकांचा टो, म्हणजे आत-बाहेर वळलेला कोन, बदलतो, आणि वळणात घाबरून अॅक्सिलरेटर सोडलास की वजन पुढे जाऊन मागची बाजू हलकी होते. मग शेपूट फिरायला क्षणही लागत नाही. होंडाने २००४ मध्ये सस्पेन्शन बदलून हा स्वभाव निवळवला. अमेरिकेतल्या गाड्यांत स्टॅबिलिटी कंट्रोल आलं २००६ ला. तुझ्या गाडीत यातलं काहीही नाही, सावरणारी फक्त तू.

म्हणून एंजेलिस क्रेस्टच्या घाटरस्त्यावर रविवारी पहाटे जाण्याचा बेत आधी रद्द कर. तिथे एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी, आणि वळणापलीकडून येणारा सायकलवाला. चुकायला जागाच नाही, आणि चुकल्याशिवाय गाडीची हद्द कळत नाही. ती कळून घ्यायची तर मोकळं मैदान हवं आणि वेग कमी हवा. ६० मैलांच्या वेगात ४० च्या सव्वादोन पट ऊर्जा असते, हे इंजिनिअर बाईंना मी काय सांगायचं!

आधी अलाइनमेंट करून घे आणि आकड्यांचा कागद मागून घे. पुढे मूळ रुंदीचे टायर परत बसव, मागचा बारही मूळचा लाव. जुने भाग आधीच्या मालकाच्या गॅरेजमध्ये असतील, विचारायला काय जातं? टायरच्या बाजूवर डॉटच्या ओळीचे शेवटचे चार आकडे बघ: २३१५ असेल तर २०१५ चा तेविसावा आठवडा. खाच कितीही खोल दिसो, रबर म्हातारं झालंय. ब्रेक फ्लुइडही बदल, ते हवेतली ओल पितं आणि मग तापल्यावर लवकर उकळतं. डॉट-४ नवं असताना किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत टिकतं, ओल शिरली की १५५ वरही हार मानू शकतं. मग पेडल नुसतं खाली जातं.

आता तुला न आवडणारी गोष्ट. ते चिकट, महागडे ट्रॅकचे टायर एवढ्यात घेऊ नकोस. सगळे म्हणतील, पकड वाढली की सुरक्षितता वाढली. माझं मत उलटं आहे. शिकणाऱ्याला साधा टायर बरा, कारण तो सुटण्याआधी कुरकुरतो, हळूहळू सरकतो, सावरायला वेळ देतो. चिकट टायर बराच वेळ गप्प बसतो आणि सोडतो तेव्हा वेग भलताच वाढलेला असतो.

सरावाला स्किड पॅड, म्हणजे घसरणं शिकायचं मोकळं मैदान, मिळाला तर ओला माग. ओल्या जमिनीवर तोच धडा कमी वेगात मिळतो. गोल फेऱ्या मार, वेग नखभर वाढवत जा आणि कोणतं टोक आधी सुटतंय ते बघ. मागचं सुटलं तर नजर जायच्या दिशेला ठेव, स्टिअरिंग घसरण्याच्या बाजूला फिरव, आणि पकड परत येताच तितक्याच चटकन सरळ कर. बहुतेक जण इथेच फसतात: पहिली घसरण सावरतात आणि उलट्या दिशेच्या दुसऱ्या झोक्यात गिरकी घेतात. सहा हजार आरपीएमच्या आसपास इंजिनाची ताकद एकदम उसळते, म्हणून सुरुवातीला वळणात त्याच्या खालीच राहा.

पुढे एससीसीए या अमेरिकेतल्या स्पोर्ट्स कार क्लबच्या ऑटोक्रॉसला जा. मैदानात कोन मांडलेले, गाड्या एकेक करून सोडतात, कोन पाडला की दोन सेकंद दंड, बस्स. शेजारी अनुभवी माणूस बसव, आणि त्याचा अहंकार तुझ्यापेक्षा मोठा असेल तर दुसरा शोध. ट्रॅकवर जायचं ठरलं तर छप्पर उघडणाऱ्या गाडीला कोणता रोल बार चालतो ते आयोजकांना विचार, आणि हेल्मेट मोटरसायकलचं नको, स्नेलच्या एसए मानकाचं घे. विम्याचे कागदही वाच. नेहमीच्या पॉलिसीत ट्रॅकवरचं नुकसान बहुधा धरत नाहीत.

आईला मी काही सांगत नाही, ते तुझं काम. मला मात्र ऑटोक्रॉसहून फोन कर. किती सेकंदांत फेरी मारलीस ते नको सांगूस. मागची चाकं सुटायच्या आधी सीटमध्ये काय जाणवलं, ते सांग.