आजच्या पायाची सायकल

सायकल खरेदीबद्दलची पत्रं शाळा सुरू व्हायच्या सुमारास सर्वात जास्त येतात. त्यातली काही निवडून उत्तरं देत आहे.

*माझा मुलगा आठ वर्षांचा आहे. दुकानदार म्हणतात, २४ इंची घ्या, पाच वर्षं बघायला नको. २० इंची लवकर लहान होईल का? – एक आई, नाशिक*

बहुतेक आठ वर्षांच्या मुलांना २० इंचीच बसते. पण वयावरून ठरवू नका, पाय मोजा. मुलाला अनवाणी भिंतीला पाठ टेकवून उभं करा. दोन पायांच्या मध्ये एक जाड पुस्तक धरा आणि सीटवर बसल्यासारखं वाटेल इतकं वर दाबा. जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंतचं अंतर म्हणजे पायाची उंची. टेप घेऊनच दुकानात जा. सीट पूर्ण खाली करायला लावा आणि जमिनीपासून सीटपर्यंत मोजा. नुकतंच शिकणाऱ्या मुलाची सीट पायाच्या उंचीइतकीच असावी, म्हणजे दोन्ही पाय जमिनीवर टेकतात. सराव झालेल्याला ती तीन-चार सेंटिमीटर वर चालते. मग सीटच्या पुढे उतरून उभं राहायला सांगा. मधली नळी आणि मूल यांच्यामध्ये किमान दोन-तीन सेंटिमीटर मोकळी जागा हवीच.

आता लवकर लहान होण्याचा हिशोब. या वयात मूल वर्षाला साधारण पाच ते सहा सेंटिमीटर वाढतं आणि त्यातली निम्मी वाढ पायांत होते. म्हणजे सीट वर्षाला तीन सेंटिमीटर चढवावी लागेल. सीटची दांडी दहा सेंटिमीटर वर येणारी असेल, तर आज सीट जवळजवळ खाली ठेवून घेतलेली सायकल तीन वर्षं सहज चालते. दांडीवर कमाल उंचीची रेघ कोरलेली असते. ती फ्रेमच्या बाहेर दिसू लागली की सायकल लहान झाली, असं समजा.

मोठी सायकल घेतल्यावर काय होतं, ते मी वर्षानुवर्षं पाहतो आहे. थांबताना पाय टेकत नाही, म्हणून मूल थांबायलाच घाबरतं. हँडल लांब पडतं, त्यामुळे ब्रेकवर बोटांचा जोर येत नाही. दोनदा पडल्यावर सायकल जिन्याखाली जाते आणि मापाला आल्यावर बाहेर काढावी, तर टायरला भेगा पडलेल्या असतात. वाढत्या मापाचा गणवेश दुमडून शिवता येतो, सायकल दुमडता येत नाही.

*चार वर्षांच्या मुलीला बाजूची दोन छोटी चाकं लावून शिकवावं का? – एक वडील, ठाणे*

मी लावायला सांगत नाही. बाजूची चाकं असली की सायकल झुकतच नाही आणि वळताना झुकणं हाच सायकलीचा जीव आहे. मूल पायडल मारायला शिकतं, तोल मात्र शिकत नाही. चाकं काढल्या दिवशी सगळं पहिल्यापासून.

त्याऐवजी १२ किंवा १४ इंची सायकल घ्या, तिची दोन्ही पायडलं काढून ठेवा आणि मुलीचे तळवे पूर्ण टेकतील इतकी सीट खाली करा. ती पायांनी ढकलत चालेल, मग धावेल, मग पाय उचलून घरंगळेल. जर्मनीतल्या कार्ल ड्राइसने १८१७ मध्ये केलेल्या दुचाकीलाही पायडलं नव्हती. लोक ती अशीच पायांनी रेटत चालवत. मुलगी पाय उचलून दहा-बारा मीटर जाऊ लागली की पायडलं परत लावा. काढताना एक लक्षात ठेवा: उजव्या पायडलचे आटे सरळ असतात, डाव्याचे उलटे. डावं पायडल घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवलं की सुटतं. जोर लावून उलटं फिरवलंत, तर आटे जातील आणि क्रँक, म्हणजे पायडल बसतं तो दांडा, बदलावा लागेल.

*अकरा वर्षांच्या मुलाला जाड टायर, दोन्हीकडे शॉकअप, डिस्क ब्रेक आणि २१ गिअरची सायकल हवी आहे. वर्गातल्या सगळ्यांकडे तशीच आहे म्हणतो. – एक पालक, रत्नागिरी*

त्याला सोबत न्या आणि ती सायकल एका हाताने उचलून बघा. अशा सायकली १८ किलोपर्यंत भरतात. मुलाचं वजन ३० किलो धरलं, तर सायकल त्याच्या वजनाच्या निम्म्याहून जड झाली. ७५ किलोच्या माणसाला ४५ किलोची सायकल दिल्यासारखं हे आहे. रत्नागिरीच्या चढांवर ती तो हातात धरूनच चालवेल. स्वस्त शॉकअपमध्ये साधी स्प्रिंग असते. धक्के ती फारसे घेत नाही, पायडलला दिलेला जोर मात्र खाते. पुढचा साधा फोर्क आणि थोडे रुंद टायर एवढं कोकणातल्या रस्त्यांना पुरतं. गिअर मागचे सहा-सात बस्स. पुढचे तीन आणि मागचे सात मिळून २१ होतात खरे, पण मुलं त्यातले फारच थोडे वापरतात आणि पुढचा गिअर बदलताना चेन उतरते.

ब्रेकचं मात्र नीट बघा, तुमच्याकडे पाऊस आहे. चमकणाऱ्या लोखंडी रिमवर पावसात रबर घसरतं आणि ब्रेक लागतच नाही. अ‍ॅल्युमिनियमच्या रिमवर तो बराच चांगला लागतो. खिशात एक लोहचुंबक ठेवा. रिमला चिकटला, तर ती सायकल कोकणासाठी घेऊ नका. चांगला डिस्क ब्रेक चिखलात उपयोगी पडतो हे खरं, पण स्वस्तातला घेण्यापेक्षा अ‍ॅल्युमिनियमच्या रिमवरचा साधा व्ही-ब्रेक बरा. तो गावातला कुठलाही कारागीर दुरुस्त करतो. आणि ब्रेकचा लिव्हर मुलाच्या बोटांना पोचतो का, हे तपासा. लिव्हरच्या बुडाशी बहुधा एक छोटा स्क्रू असतो. तो आत फिरवला की लिव्हर हँडलजवळ येतो. दुकानात हा स्क्रू सहसा कोणी फिरवून देत नाही, तुम्हीच सांगा.

*मुलगी आठवीत गेली. शाळा पाच किलोमीटर. जुनी सायकल घ्यावी का? – एक शेतकरी, बीड जिल्हा*

अवश्य घ्या. हलक्या दर्जाच्या नव्या सायकलीपेक्षा चांगली जुनी कधीही बरी. तिच्या उंचीला २६ इंची बसेल, तरी वर सांगितल्याप्रमाणे पाय मोजाच. मधली नळी खाली उतरलेली असावी, चेनला पूर्ण कव्हर आणि दप्तरासाठी कॅरिअर असावं. ओढणी चाकात किंवा चेनमध्ये अडकून होणारे अपघात वाईट असतात. मागच्या चाकाला जाळी बसवून घ्या आणि ओढणी बांधूनच निघायचं, हे तिला शिकवा.

हँडल जिथे फ्रेमला मिळतं तिथे रंग उडालेला किंवा चीर दिसली, तर सायकल सोडून द्या. दोन्ही चाकं उचलून फिरवा. चाक थोडं डगमगत असेल, तर ते आरे कसून सरळ होतं, पण रिम मुडपलेली नको. क्रँक आडवा हलवून बघा. खडखडला, तर बेअरिंगच्या गोळ्या बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करायला सांगा.

सायकलीसाठी पैसे जमेपर्यंत थांबू नका. गरजू विद्यार्थिनींना शाळेत जाण्यासाठी सायकल देण्याची तरतूद राज्याच्या मानव विकास कार्यक्रमात आहे. तुमचा तालुका आणि तुमची मुलगी त्यात बसते का, हे आधी मुख्याध्यापकांना विचारा.

*नातवाला वाढदिवसाला न सांगता सायकल द्यायची आहे. ऑनलाइन मागवू का? – एक आजोबा, पुणे*

आजोबा, खोक्यातून येणारी सायकल अर्धवट जोडलेली असते. पुढचा फोर्क उलटा बसवलेल्या सायकली मी स्वतः सरळ करून दिल्या आहेत. तशी चालवताना मुलाचा तोल जातो. मागवलीतच, तर ओळखीच्या कारागिराकडून जोडून घ्या आणि ब्रेक तपासल्याशिवाय नातवाच्या हाती देऊ नका. पण माझी विनंती वेगळी आहे. वाढदिवसाला त्याला फक्त हेल्मेट द्या, भुवयांच्या वर दोन बोटं बसेल असं. आणि दुसऱ्या दिवशी त्याला सोबत घेऊन दुकानात जा.