बालवाड्यांस लोकसहाय्य : मुरारच्या निमित्ताने काही विचार

ग्वाल्हेर शहराचे तीन भाग मानले जातात : किल्ल्याच्या पायथ्याचे जुने ग्वाल्हेर, दौलतराव शिंदे यांच्या छावणीतून १८१० च्या सुमारास वाढलेले लष्कर आणि पूर्वेकडील मुरार. मुरार ही मूळची इंग्रजांची छावणी होय. १८८६ मध्ये ती किल्ल्यासह शिंदे सरकारकडे परत आली. छावणीच्या आश्रयाने वाढलेल्या वस्तीचे रूप बहुधा ठरलेले असते. एका बाजूस रुंद रस्ते व बंगले, तर दुसऱ्या बाजूस त्या बंगल्यांत व बाजारात राबणाऱ्यांची दाटीची घरे. आईबाप मजुरीस गेल्यावर या घरांतील तीन ते सहा वर्षांच्या मुलांना दिवसाचा काही काळ आधार असतो तो अंगणवाडीचा. ग्वाल्हेरात मराठी कुटुंबे पिढ्यानपिढ्या राहत आली आहेत. वडिलांची पुण्यतिथी, नातवाचा वाढदिवस अशा निमित्ताने या मुलांसाठी काही द्यावे, असे त्यांच्यापैकी अनेकांच्या मनात येते. परंतु काय द्यावे याचा विचार क्वचितच होतो. प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

मध्य प्रदेशात या प्रश्नास अलीकडे सार्वजनिक रूप आले. २४ मे २०२२ रोजी राज्याचे तत्कालीन मुख्यमंत्री श्री. शिवराजसिंह चौहान यांनी भोपाळच्या रस्त्यावर स्वतः हातगाडी ढकलीत अंगणवाड्यांसाठी खेळणी व इतर वस्तू गोळा केल्या. नागरिकांनी अंगणवाडी दत्तक घ्यावी, असे आवाहनही शासनाने केले. लोकांनी मोठ्या उत्साहाने वस्तू दिल्या. शासकीय संस्थेशी नागरिकांचे नाते जोडण्याचा हा मार्ग स्वागतार्ह होय, यात शंका नाही. तथापि हातगाडीत मावते तेवढीच बालवाडीची गरज असते, असा समज मात्र कोणी करून घेऊ नये.

खेळण्यांचेच पाहू. अंगणवाडीस मिळालेली वस्तू जडवस्तू नोंदवहीत चढते आणि तिची जबाबदारी सेविकेवर येते. तपासणीच्या वेळी वस्तू कमी भरली तर उत्तर तिला द्यावे लागते. परिणामी रंगीत ठोकळे कपाटात कुलूपबंद राहतात व पाहुणे आले की बाहेर निघतात. यात सेविकेस दोष देणे अन्यायाचे आहे. अल्प मानधनावर काम करणाऱ्या बाईने मोडलेल्या खेळण्याची भरपाई स्वतःच्या पदरातून करावी, अशी अपेक्षा कोण करील? दुसरे असे की वीस-पंचवीस मुलांमध्ये सहा खेळणी आली की भांडणे होतात आणि ती सोडविण्यासही माणूसच लागते. तात्पर्य, वस्तू देणे सोपे असते; ती मुलांच्या हाती पोचविणारे माणूस उभे करणे कठीण असते. लोकसहाय्याचा खरा उपयोग या कठीण भागात आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

या मतास इतिहासाचा आधार आहे. ६ जानेवारी १९०७ रोजी रोम शहरातील सान लोरेंझो या गरीब वस्तीत डॉ. मारिया माँटेसरी यांनी पहिले बालगृह उघडले. त्यास पैसा पुरविला तो चाळींची मालकी असलेल्या एका संस्थेने. दिवसभर एकटी राहणारी मुले भिंती व जिने खराब करीत. त्यांच्या दुरुस्तीवर जो खर्च होई, तोच मुलांच्या शिक्षणाकडे वळविण्यात आला. या व्यवस्थेतील एक अट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. शिक्षिकेने त्याच इमारतीत, त्याच कुटुंबांच्या शेजारी राहावयाचे होते. मुलांना स्वच्छ करून पाठविणे आणि शिक्षिकेची नियमित भेट घेणे हे आईचे कर्तव्य ठरविले होते. माँटेसरीची साधने पुढे जगभर विकली गेली. शेजारी राहणाऱ्या शिक्षिकेची ही अट मात्र फारशी कोणी उचलली नाही.

ती अट आपल्याकडे पाळली गेली ती ठाणे जिल्ह्यात. या कथेचा आरंभ मोठ्या लोकवर्गणीत आहे. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबा गांधींचे निधन झाले. त्यांच्या स्मरणार्थ ७५ लाख रुपयांचा निधी जमविण्याचे ठरले आणि देशाने त्याहून अधिक रक्कम दिली. एवढ्या रकमेत मोठी वास्तू सहज उभी राहिली असती. परंतु हा पैसा खेड्यांतील स्त्रिया व मुले यांच्यासाठी वापरावयाचे ठरले आणि त्यातून ग्रामसेविकांच्या प्रशिक्षणाची शिबिरे निघाली. पुढे या न्यासाचे मुख्य ठाणे इंदूरजवळच्या कस्तुरबाग्राम येथे झाले, हे मध्य प्रदेशातील वाचकांस ठाऊक असेलच. १९४५ मध्ये बोरिवली येथे झालेल्या अशाच एका शिबिरात अनुताई वाघ यांची ताराबाई मोडक यांच्याशी भेट झाली. ताराबाईंनी भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्यासह बालशिक्षणाचे कार्य केले होते व १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाच्या स्थापनेत त्यांचा वाटा होता. आता त्यांना हे शिक्षण शहरातील सुखवस्तू घरांबाहेर न्यावयाचे होते. अनुताई बालपणी विधवा झालेल्या, शिक्षिकेची नोकरी करणाऱ्या. त्या ताराबाईंबरोबर डहाणू तालुक्यातील बोर्डी येथे गेल्या आणि १९९२ मध्ये निधन होईपर्यंत त्याच परिसरात राहिल्या. एका शिबिराच्या खर्चातून सत्तेचाळीस वर्षांचे काम उभे राहिले, असा हा हिशेब मांडता येईल. मात्र वर्गणी देणाऱ्यांपैकी कोणालाही तो त्या दिवशी दिसला नसता.

बोर्डीत प्रथम नेहमीच्या पद्धतीने बालवाडी सुरू झाली. गरीब पाड्यांवरील मुले तिथे येईनात. कारणे साधी होती : धाकट्या भावंडास कोण सांभाळणार, अंगावर कपडा नाही, आणि आईला पहाटेच कामास जावयाचे. तेव्हा शाळाच पाड्यावर नेण्यात आली. कोणाच्या तरी अंगणात मुले जमवावयाची, त्यांना न्हाऊ-माखू घालावयाचे, नखे काढावयाची, मग गाणी व खेळ घ्यावयाचे, असा क्रम पडला. अंगणात भरते म्हणून ती अंगणवाडी. महागड्या लाकडी साधनांच्या जागी शिंपले, खडे, बिया व पाने आली. मोजणे, वर्गवारी करणे, लहानमोठे ओळखणे हे सारे त्यांवर शिकविता येते. हरवले तर दुसरे वेचून आणता येते आणि नोंदवहीत चढवावे लागत नाही. १९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर हलले. तेथे पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणून विकासवाडी उभी राहिली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरू लागली. धाकटे भावंड पाळणाघरात सुरक्षित असले तरच थोरली बहीण शाळेत बसू शकते, ही गोष्ट तेथे कामातूनच उमगली.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बाल विकास सेवा योजना देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झाली, त्यांपैकी चारच नागरी होते. केंद्राचे नाव अंगणवाडी हेच ठेवण्यात आले. योजना आता सर्व राज्यांत पोचली आहे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने सहा महिने ते सहा वर्षे या वयाच्या बालकास अंगणवाडीतून विनामूल्य आहार मिळणे हा त्याचा हक्क ठरविला आहे. दात्यांनी ही गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. आहार, वजनाची नोंद व लसीकरण ही शासनाची जबाबदारी आहे. ती दानाने भागवू पाहणे म्हणजे हक्काचे रूपांतर कृपेत करणे होय. आहार येत नसेल तर बिस्किटे वाटण्याऐवजी लेखी तक्रार करण्यास पालकांना साहाय्य करावे. सुशिक्षित शेजाऱ्याने केलेली ही मदत रोख देणगीहून कमी मोलाची नाही.

मग उरते काय? मुरारपुरते बोलावयाचे तर प्रथम हवामान. येथील मे-जूनमधील उष्णता आणि डिसेंबर-जानेवारीतील थंडी दोन्ही तीव्र असतात. पत्र्याच्या खोलीत या दिवसांत मुले टिकत नाहीत. छताखाली अस्तर, माठ व स्वच्छ पाणी, पंखा आणि त्याचे वीजबिल, थंडीसाठी सतरंज्या व स्वेटर एवढ्याने हजेरीत फरक पडू शकतो. यांतील वीजबिल कोणी देत नाही, कारण त्यावर नाव कोरता येत नाही. दुसरी गरज जास्तीच्या हातांची. सेविकेचे बरेच तास नोंदी, सर्वेक्षणे व बैठका यांत जातात. वस्तीतीलच एखाद्या शिकलेल्या मुलीस रोज दोन तास मुलांबरोबर खेळण्यासाठी मानधन देता आले, तर ते दान सर्वांत फलदायी ठरावे. बाल विकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या संमतीनेच हे करावे. सेविकेवर देखरेख ठेवण्यासाठी कोणी आणले, असा तिचा समज होता कामा नये. मुंबईत १९९४ पासून प्रथम या संस्थेने वस्त्यांतील तरुणींकडून, बहुधा मिळेल त्या लहानशा जागेत, कमी खर्चाच्या बालवाड्या चालविल्या. तो नमुना अभ्यासण्यासारखा आहे. शिक्षकांनी आणखी एक गोष्ट करावी. जवळच्या अंगणवाडीतून पहिलीत येणारी मुले मार्च महिन्यातच पाहून घ्यावीत व त्यांना एकदा शाळा दाखवावी. यास खर्च काहीच नाही.

देणगी एका वर्षाची नसावी, निदान तीन वर्षांची असावी. तीन वर्षांचे मूल तेवढ्या काळात सहा वर्षांचे होते, व मध्येच सुटलेली व्यवस्था वस्तीत अविश्वास मागे ठेवून जाते. रक्कम ठरविण्यापूर्वी सेविका, मदतनीस आणि चार माता यांच्याशी, शक्यतो मातांच्या सवडीच्या वेळी, बोलावे. आणि वस्तू द्यावयाच्याच असतील तर देणगीपत्रात स्पष्ट लिहावे की त्या मुलांच्या रोजच्या वापरासाठी आहेत, वापरात झिजल्या, मोडल्या अथवा हरवल्या तर भरपाई मागू नये, आणि दरवर्षी जून महिन्यात दाता त्यांच्या जागी नव्या देईल. अशा पत्राची एक प्रत जडवस्तू नोंदवहीस जोडून ठेवावी, म्हणजे सेविकेस कपाट उघडे ठेवता येईल.