जपानी प्राणिशास्त्र फ्रेंचमध्ये कोण आणेल?

प्रश्न : मी फ्रान्समध्ये गोड्या पाण्यातल्या माशांवर संशोधन करते. काही जपानी लेख फ्रेंचमध्ये हवे आहेत. जाणकार अनुवादक कुठे शोधू?

उत्तर : सुरुवात फ्रेंच अनुवादकांच्या 'सोसिएते फ्रांसेज दे त्राद्युक्तर' या 1947 पासूनच्या संघटनेच्या सूचीपासून करा. भाषाजोडी आणि विषय, दोन्हींनुसार तिथे शोधता येतं. मातृभाषा फ्रेंच असलेलाच अनुवादक निवडा. न्यायालयमान्य अनुवादकाच्या मागे लागू नका. तो सरकारी कागदपत्रांसाठी लागतो, शोधनिबंधांसाठी नव्हे.

जपानी आणि प्राणिशास्त्र दोन्ही पक्कं असलेला माणूस क्वचितच सापडतो. मग भाषेचा माणूस घ्या आणि तपासणी एखाद्या मत्स्यतज्ज्ञाकडून करून घ्या. आधी एका पानाचा नमुना पैसे देऊन करून घ्या (फुकट मागणं बरं नव्हे). त्यात प्राण्यांची नावं बघा. जपानी लेखात ती बहुधा काताकाना लिपीत असतात आणि अनेकांना रूढ फ्रेंच नाव नसतं. 'आयु' या माशापुढे प्लेकोग्लोसस अल्टिव्हेलिस हे शास्त्रीय नाव हवंच. शंकांची यादी न पाठवणाऱ्या अनुवादकाला पुढचं काम देऊ नका.