नोंद फुकट, फोन रोजचे

हैदराबादच्या राणीगंज आणि बेगम बाजारातल्या हार्डवेअरच्या दुकानांसाठी आम्ही स्टॉक आणि बिलांचं सॉफ्टवेअर तयार केलं, तेव्हा जाहिरातीला पैसा नव्हता. ‘स्टार्टअप डिरेक्टऱ्यांत नाव टाका, फुकट असतं,’ असं जो तो सांगे. टाकलं. लगेच फोन सुरू झाले, पण त्यात दुकानदार एकही नव्हता. कुणाला आमची वेबसाइट गूगलच्या पहिल्या पानावर आणायची होती, कुणाला कर्ज द्यायचं होतं. एकजण तर ‘सर्वोत्तम स्टार्टअप’चा पुरस्कारच द्यायला निघाला होता, समारंभाचा खर्च मात्र आमच्याकडे!

याला फसवणूक म्हणता येत नाही. या डिरेक्टऱ्या वाचतं कोण, हे आधी विचारायला हवं. नवनवी ॲप चाळण्याचा शौक असलेले, आपल्यासारखेच कंपनी काढलेले, आणि नव्या कंपन्यांना काहीतरी विकू पाहणारे. तुमचा ग्राहक प्रोग्रामर किंवा डिझायनर असेल तर प्रॉडक्ट हंट ही नव्या उत्पादनांना मतं देण्याची साइट खरंच कामाची. तिथला दिवस कॅलिफोर्नियाच्या मध्यरात्री सुरू होतो, म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी साडेबारा आणि हिवाळ्यात दीडच्या सुमारास. उत्तरं द्यायला माणूस तेव्हापासून जागेवर हवा. ओळखीपाळखीत ‘मत द्या’ म्हणत फिरणं तिथे चालत नाही. गुंतवणूक हवी असेल तर क्रंचबेस या कंपन्यांच्या यादीतली आपली माहिती नीट ठेवा. पण बेगम बाजारातला शेठ यांपैकी कशावरही येत नाही. तो सॉफ्टवेअर घेतो त्याच्या सीएच्या किंवा शेजारच्या दुकानदाराच्या शब्दावर. आमचे सुरुवातीचे ग्राहक असेच आले. काही गूगल मॅपवरच्या नोंदीमुळे, जिला पैसे पडत नाहीत.

‘निदान लिंक तरी मिळते ना?’ मिळते. पण 2005 पासून ‘नोफॉलो’ची सोय आहे, तशी खूण केलेल्या लिंकमुळे गूगलमध्ये तुमचं वजन वाढेल असं धरून चालू नये. बऱ्याच डिरेक्टऱ्या ती खूण लावतात. शिवाय 2012 च्या ‘पेंग्विन’ बदलापासून विकत घेतलेल्या लिंकांचे ढीग उलटही पडू शकतात. शेकडो डिरेक्टऱ्यांत एकदम नोंद करून देतो म्हणणाऱ्याला मी दारातूनच परत पाठवतो.

स्टार्टअप इंडियाची मान्यता मिळवून देतो म्हणून पैसे मागणारेही याच वाटेने येतात. 2016 पासूनच्या या योजनेत सरकार मान्यतेसाठी शुल्क घेत नाही; अर्ज पोर्टलवर स्वतः भरता येतो. अडलात तर हैदराबादेत विचारायला टी-हब आहे. 2015 साली गच्चीबावलीत ट्रिपल आयटीच्या आवारात सुरू झालेली ही संस्था 2022 पासून रायदुर्गमच्या मोठ्या इमारतीत आहे. तिथल्या एखाद्या कार्यक्रमात चहा पिता पिता झालेली ओळख मला तरी डिरेक्टरीपेक्षा जास्त उपयोगी पडली.

एवढं ऐकूनही नाव टाकायचंच असेल, तर मोबाइल नंबर आणि ईमेल वेगळे घ्या, घरचे देऊ नका. प्रत्येक डिरेक्टरीला वेगळी खूण असलेली लिंक द्या, म्हणजे कोण कुठून आलं ते कळेल. कार्डाचा नंबर देण्याआधी पैसे दरमहा कापले जाणार का ते वाचा. आणि कुठे कुठल्या ईमेलने खातं उघडलं, ते एका शीटमध्ये लिहून ठेवा. आमचं ऑफिस काचीगुड्याहून माधापूरला हललं, तेव्हा जुना पत्ता बदलायला अर्ध्या खात्यांचे पासवर्डच सापडेनात. कुरिअरवाले अजून काचीगुड्यातच आम्हाला शोधतात.